कपडे पिशवीत ठेवून एक दिवस

मला कोड आहे. कमरेभोवती, दोन्ही गुडघ्यांवर, छातीखाली जिथे ब्राची पट्टी बसते तिथे, आणि डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत. पहिला डाग कॉलेजात असताना उठला, आता पन्नाशी ओलांडली आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते. नॅचरिस्ट बीचवर, म्हणजे जिथे माणसं कपड्यांशिवाय वावरतात अशा किनाऱ्यावर, मी एक अख्खा दिवस काढला आणि त्याबद्दल माझ्या कातडीला बाजूला ठेवून मला लिहिता येणार नाही.

कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा होतात. शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटते. हा संसर्गाने पसरणारा रोग नाही, दुखत नाही, आणि जगात साधारण अर्धा ते एक टक्का लोकांना तो असतो. जिथे कातडी सतत घासली जाते तिथे नवे डाग उठू शकतात, म्हणून पुष्कळांसारखे मलाही ते इलॅस्टिकच्या आणि पट्ट्यांच्या जागी जास्त आहेत. त्रास होतो तो नजरांचा. पोहण्याच्या तलावावर गेलं की समोरच्याची नजर आधी हातावर येते, मग चेहऱ्यावर, पुन्हा हातावर, आणि मग घाईघाईने भलतीकडे. ती काही वाईट माणसं नसतात. पण वर्षानुवर्षं या नजरा झेलून माझ्या डोक्यात एक पहारेकरी कायमचा बसला आहे. टॉवेल खांद्यावरून कधी काढायचा, पाण्यात कोणत्या बाजूने उतरायचं, फोटोत कुणाच्या मागे उभं राहायचं, सगळं तो ठरवतो. मी सुट्टीवर गेले तरी त्याची ड्यूटी चालूच.

स्टडलंडला जावं असं वाटलं ते याच्यापायी. नवऱ्याला म्हटलं, "अरे, मला एकदा असं समुद्रात जायचंय की अंगावर काय दिसतंय याचा विचारच करायचा नाही." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "जाऊ या. पण मी चड्डी घालणार." ठरलं.

स्टडलंड इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये आहे. लांबच लांब वाळूचा हा किनारा नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे, आणि त्यातला एक पट्टा नॅचरिस्टांसाठी राखलेला आहे. नोल बीचच्या वाहनतळावरून उत्तरेला वाळूतून चालत निघायचं. आधी छत्र्या, मुलांच्या बादल्या, कुत्री, आरडाओरडा. मग गर्दी विरळ होत जाते, आणि एका जागी खांबावर पाटी लागते, की इथून पुढे नग्न माणसं दिसू शकतात. दार नाही, तिकीट नाही, भिंत नाही. एवढी पाटी आणि पुढे तीच वाळू.

मला सर्वांत आवडलं ते हे, की हा पट्टा कोपऱ्यात लपवलेला नाही. साउथ वेस्ट कोस्ट पाथ नावाची 630 मैलांची पायवाट आहे, तिचं एक टोक या किनाऱ्याच्या उत्तरेला येतं आणि वाट सरळ या वाळूवरून जाते. ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी आतून, टेकड्यांमागून, वेगळा रस्ता दाखवलेला आहे. पण पाठीवर बॅगा घेतलेले, बूट चढवलेले लोक बिनदिक्कत पाण्याच्या कडेने चालत येतात, उघड्या माणसांना "मॉर्निंग" म्हणतात आणि पुढे जातात. तिथल्या कायद्यातही नुसतं नग्न असणं हा आपोआप गुन्हा होत नाही. 2003 च्या सेक्शुअल ऑफेन्सेस अॅक्टनुसार गुप्तांग दाखवणं गुन्हा ठरायला, समोरच्याने ते बघावं आणि त्याला भीती वाटावी किंवा त्रास व्हावा असा हेतू असावा लागतो. हेतूवर बोट ठेवणारा हा कायदा मला फार शहाणपणाचा वाटतो.

कपडे काढण्याचा क्षण मी मनात इतक्या वेळा रंगवला होता, आणि प्रत्यक्षात तो फार लवकर संपला. आम्ही वाळूच्या उंचवट्यापाशी, वारा अडेल अशी जागा धरली, टॉवेल पसरले. मी आधी सँडल काढले. मग घड्याळ. मग टोपी काढून पुन्हा घातली. आजूबाजूला बघितलं तर एक म्हातारे गृहस्थ पुस्तक वाचत होते, दोन बायका पाण्याच्या कडेला उभ्या राहून गप्पा मारत होत्या, एक जोडपं झोपलं होतं. माझ्याकडे कुणाचंही तोंड नव्हतं. मी कुर्ता काढला, पँट काढली, आतले कपडे काढले, सगळ्याची घडी घालून पिशवीत ठेवली आणि टॉवेलवर बसले. छाती धडधडत होती. पुढची दहा-पंधरा मिनिटं मी पाय पोटाशी घेऊन बसून राहिले. मग मांडीवर ऊन लागायला लागलं, पाठीवर वारा लागायला लागला, आणि कधी पाय लांब केले ते कळलंच नाही.

वाऱ्याबद्दल मला थोडं थांबून लिहायचं आहे. कपड्यांतून वारा लागतो तो तुकड्यातुकड्यांनी, मानेला, हातांना, पोटऱ्यांना. इथे तो एकसंध लागतो. कमरेवर, जिथे आयुष्यभर काही ना काही आवळलेलं असतं, तिथून वारा सरळ पोटाकडे जातो. पन्नास वर्षं हे अंग वापरून त्याच्या एका मोठ्या भागाला वारा कसा लागतो हे मला ठाऊक नव्हतं, याचं मला खरोखर नवल वाटलं.

आणि पाणी! स्टडलंडचा उपसागर पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे नैऋत्येकडून येणाऱ्या नेहमीच्या वाऱ्यापासून तो आडोशाला राहतो. लाटा लहान असतात, आणि खूप आतपर्यंत पाणी कमरेइतकंच. ऑगस्टमध्येही समुद्र सतरा-अठरा अंशांच्या आसपासच असतो, म्हणजे पहिली डुबकी दातखीळ बसवणारी. पण एकदा अंग सरावलं की पोहण्याच्या पोशाखात आणि त्याच्याशिवाय पोहण्यात किती फरक आहे ते समजतं. पट्ट्या काचत नाहीत, कापडाखाली वाळू साठत नाही, आणि मुख्य म्हणजे बाहेर आल्यावर ओलं, थंड, अंगाला चिकटलेलं कापड नसतं. कातडी चार-पाच मिनिटांत वाळते. ओल्या पोशाखात कुडकुडत बसणं हा समुद्रावर जाण्याचाच भाग आहे असं मी आजवर धरून चालले होते. पाण्यात उभं राहिलं की दक्षिणेला ओल्ड हॅरी नावाचे खडूचे पांढरेशुभ्र सुळके दिसतात. मी बराच वेळ तशीच उभी राहिले, हात पाण्याबाहेर काढून, दोन्ही.

आता माणसांबद्दल. तरुण, सुडौल शरीरं बघायची म्हणून कुणी अशा ठिकाणी येणार असेल तर त्याची निराशा होईल. बहुतेक जण माझ्या वयाचे किंवा माझ्याहून मोठे. पोटं सुटलेली, स्तन ओघळलेले, गुडघ्यांवर शस्त्रक्रियेच्या उभ्या खुणा, सिझेरियनचे वण, एका बाईंना एकच स्तन होता, एका गृहस्थांच्या पोटाला शस्त्रक्रियेनंतर लावतात ती पिशवी होती. मासिकांतून आणि पडद्यावरून आपण जी शरीरं बघतो ती इतकी मोजकी आणि इतकी घासूनपुसून समोर आणलेली असतात, की चारचौघांचं अंग कसं असतं याची आपल्याला ओळखच उरत नाही. तिथे तासाभरात ती ओळख झाली. माझ्या डागांचं मला जे ओझं होतं ते या सगळ्यांच्या शेजारी बसल्यावर हलकं झालं. सगळीच अंगं काहीतरी सोसून आलेली होती.

जवळच टॉवेल टाकलेल्या एक बाई सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी विचारलं, पाठीला क्रीम लावून द्याल का. मी लावलं. मग त्या म्हणाल्या, तुमच्या पाठीलाही लावते. लावता लावता कमरेवरच्या डागांपाशी त्यांचा हात थांबला आणि त्यांनी सरळ विचारलं, "हे भाग उन्हात आधी भाजत असतील ना? इथे जरा जास्त लावते." बस. हळहळ नाही, नजर चुकवणं नाही, "काही उपाय केला का" नाही. एकदा नीट बघितलं, कामापुरतं विचारलं, क्रीम लावलं, आणि मग आम्ही त्यांच्या नातवंडांविषयी बोलत बसलो. इतक्या वर्षांत अनोळखी माणसाने माझ्या कोडाबद्दल इतकं सरळ काही विचारल्याचं मला आठवत नाही.

या जगातले नियम कुठे लिहिलेले असतात, कुठे नसतात, पण सगळ्यांना माहीत असतात. कुठेही बसायचं तर आपला टॉवेल अंथरून बसायचं. कॅमेरा बाहेर काढायचा नाही, फोनही शक्यतो पिशवीतच. टक लावून बघायचं नाही. कुणाच्या शरीराबद्दल शेरा मारायचा नाही, चांगलासुद्धा नाही. लैंगिक चाळे तर मुळीच नाहीत. दुसऱ्याच्या टॉवेलपासून अंतर राखायचं, आणि गप्पा मारायच्या तर डोळ्यांत बघून मारायच्या. वाचताना हे कडक वाटेल, पण तिथली सगळी निवांत हवा या शिस्तीवर उभी आहे. नुसते कपडे काढून आराम मिळत असता तर तो बंद खोलीतही मिळाला असता. इथे शंभर माणसांनी मिळून एकमेकांना न्याहाळायचं नाही असं ठरवलेलं असतं, आणि माझा पहारेकरी त्या दिवशी दुपारनंतर जो उठून गेला तो त्यांच्या भरवशावर.

ही शिस्त काही आजची नाही. जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कारखान्यांच्या धुरात आणि कोंदट घरांत राहणाऱ्या लोकांना ऊन, हवा, पाणी मिळावं या ध्यासातून फ्रायक्योर्परकुल्टूर, म्हणजे मुक्त शरीराची चळवळ, उभी राहिली. तिला तिथे अजूनही एफकेके म्हणतात. फ्रान्समध्ये गास्तों आणि आंद्रे द्युर्व्हिल या दोघा डॉक्टर भावांनी 1931 मध्ये भूमध्य समुद्रातल्या इल द्यु लव्हां बेटावर एलिओपोलिस हे गाव वसवलं, तेही आरोग्याच्याच विचाराने. मग 1950 मध्ये अटलांटिक किनाऱ्यावर मोंतालिव्हेचं सुट्टीचं केंद्र सुरू झालं, आणि तिथेच 1953 मध्ये आंतरराष्ट्रीय नॅचरिस्ट फेडरेशनची स्थापना झाली. या फेडरेशनने 1974 मध्ये जी व्याख्या ठरवली तिच्यात एकत्र नग्न राहण्याचा उद्देश सांगितला आहे: स्वतःबद्दल, इतरांबद्दल आणि पर्यावरणाबद्दल आदर वाढावा. इंग्लंडमधल्या ब्रायटनसारख्या गजबजलेल्या शहरात नगरपालिकेने 1980 मध्ये नॅचरिस्टांसाठी किनारा दिला तेव्हा वर्तमानपत्रांत मोठा गदारोळ झाला होता. तो किनारा आजही आहे.

आणि एक गोष्ट मला कळली तेव्हा मी नवऱ्याला उठवून सांगितली. आधुनिक काळातला पहिला ज्ञात नॅचरिस्ट क्लब म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो युरोपात स्थापन झालेला नाही. 1891 मध्ये चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड नावाच्या, मुंबई इलाख्यात न्यायाधीश असलेल्या इंग्रज विधुराने 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' ही संस्था काढली. जागा माथेरान. सभासद तीन, तो स्वतः आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. त्याची रत्नागिरीला बदली झाली आणि संस्था संपली. 1894 मध्ये तो वारला. एवढ्या लांबच्या देशात आलेला, बायको गेलेली, दिवसभर कोर्टाच्या जाड कपड्यांत बसणारा तो माणूस माथेरानच्या झाडीत काय शोधत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. मला तो जवळचा वाटतो.

उन्हाबद्दल मात्र मी कोणतीही सवलत घेत नाही, आणि कुणी घेऊ नये. माझ्या डागांमध्ये रंगद्रव्यच नाही, त्यामुळे तिथे ऊन सरळ भाजतं. पण ज्यांना कोड नाही त्यांच्याही शरीराचा जो भाग कधी उन्हात गेलेला नाही तो तितकाच कच्चा असतो. नितंब, स्तन, जांघा, पोट. एसपीएफ 30 चं क्रीम अतिनील बी किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडवतं, 50 चं सुमारे 98 टक्के. फरक लहान दिसतो, पण आपण क्रीम नेहमी पातळच लावतो, म्हणून मी 50 च वापरते. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. वाळूवरून आणि लाटांच्या फेसावरूनही किरणं परावर्तित होतात, तेव्हा छत्रीखाली बसलं म्हणजे काम झालं असं नाही. बारा ते तीन मी पातळ सुती पंचा पांघरून आडोशाला पडून होते. कपडे घालायला तिथे मनाई नाही. थंडी वाजली, ऊन लागलं, मनाला नको वाटलं, की घालावेत.

नवऱ्याची चड्डी दुपारपर्यंत अंगावर होती. कुणी त्याला काही म्हटलं नाही. चारच्या सुमारास तो उठला, ती काढली, समुद्रात गेला आणि बराच वेळ परत आला नाही. आल्यावर टॉवेलवर आडवा होत म्हणाला, "अगं, हे आधी का नाही केलं आपण?" मी उत्तर दिलं नाही, कारण मला माहीत होतं की आधी माझ्याने झालं नसतं.

घरी आल्यावर मी लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातले मानसशास्त्रज्ञ कीऑन वेस्ट यांचं 2018 मध्ये छापलेलं संशोधन वाचलं. त्यांनी ब्रिटनमधल्या 849 लोकांची पाहणी केली. नॅचरिस्ट उपक्रमांत जे जास्त भाग घेतात ते आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसले, आणि त्यांना आपल्या शरीराबद्दल जास्त बरं वाटतं हा त्यातला दुवा होता. यावर कुणी म्हणेल, आधीपासून स्वतःच्या अंगाशी सलोखा असलेलेच लोक तिथे जात असतील. बरोबर आहे. म्हणून त्यांनी पुढे प्रत्यक्ष कार्यक्रमांत, कपडे काढण्याआधी आणि नंतर, लोकांना प्रश्न विचारून पाहिले, आणि तिथेही सुधारणा दिसली. कार्यक्रमांतल्या लोकांची संख्या लहान होती, तेव्हा मी त्यावर फार मोठे इमले बांधत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर त्यानंतरच्या आठवड्यात मी बिनबाह्यांचा ब्लाउज घालून लग्नाला गेले.

बायका मला हळूच विचारतात, सुरक्षित असतं का? खरं सांगते, सगळे किनारे सारखे नसतात. काही ठिकाणी, विशेषतः मुख्य वाळूपासून आत, झुडपांच्या आडोशाला, भलत्याच उद्देशाने घुटमळणारे पुरुष असतात. म्हणून पहिल्यांदा अधिकृत, पाट्या लावलेला किनारा निवडावा. सोबत कुणीतरी असावं. बसायचं ते पाण्याजवळ, जिथे बायका, जोडपी, म्हातारी माणसं बसली आहेत तिथे. कुणी टक लावून बघतोय असं वाटलं तर मन घट्ट करून सोसत बसू नये, शेजाऱ्यांना सांगावं. नियमित येणाऱ्या मंडळींना आपल्या किनाऱ्याची फार आस्था असते आणि ती लगेच बाजूला उभी राहतात. आणि कुणी फोन बघायचं निमित्त करून फोटो काढतोय असा संशय आला तर तिथल्या रखवालदाराला बोलवावं, यात भीड बाळगू नये.

माझ्या भाचीला गेल्या वर्षी गालावर आणि बोटांवर कोड आलं. चोवीस वर्षांची आहे. मी हे सगळं तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मावशी, मी आले तर मला सगळं काढावं लागेल का?" म्हटलं, अजिबात नाही. अंगभर कपडे घालून माझ्या शेजारी बस, पुस्तक वाच, पाय भिजव. नको वाटलं तर अर्ध्या तासात उठून निघू. "आणि तू?" तिने विचारलं. मी म्हटलं, मी पोहणार. जूनमध्ये जायचं ठरलंय. तेव्हा तिथे ऊन सर्वांत चढं असतं, म्हणून तिला आत्ताच क्रीमची मोठी बाटली घेऊन ठेवायला सांगितली आहे, आणि रुंद काठाची टोपी.